रंग जाणार नाही ना?

कापडाच्या दुकानात गेल्यावर आपल्याकडच्या आया दोन गोष्टी हमखास बोलतात. पहिली, "नीट काय ते लावून द्या." आणि दुसरी, "रंग जाणार नाही ना?" पहिल्या वाक्यावर दुकानदार जरा घुटमळतो, कॅल्क्युलेटर पुढे ओढतो, छताकडे बघतो. दुसऱ्यावर मात्र क्षणाचाही विचार करत नाही. "ताई, कापड फाटेल, पण रंग जाणार नाही!"

दिवाळीच्या खरेदीला मी बहिणीबरोबर गेलो होतो, तेव्हाही हेच झालं. कुर्ता माझ्या भाचीसाठी होता, लालभडक. ती चौथीत आहे आणि तिला शंका फार. तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काका, मग कापड फाटल्यावर तो रंग कुठे राहतो?"

सगळे हसले. काकांनी तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली आणि विषय मिटवला.

माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. पक्का रंग म्हणजे काय? उन्हात न विटणारा, साबणाला दाद न देणारा, घामाने न उतरणारा. रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून त्याला इतका चिवट बनवलाय की सहजासहजी तो मोडूच नये. कापडावर असेपर्यंत झकास. पण कापड रंगवताना सगळाच रंग काही कापडाला लागत नाही. थोडा पाण्यात मागे राहतो. आणि हा मागे राहिलेला रंगही तेवढाच चिवट असतो बरं का! त्यालाही ऊन विटवत नाही, साबण घालवत नाही. त्याची 'कापड फाटेल पण मी जाणार नाही' ही प्रतिज्ञा पाण्यातही चालूच.

मग त्याला घालवायचं कुणी?

हे काम करू शकणारे काही जण आहेत. ते इतके बारीक आहेत की मिलिमीटरभर लांबीत त्यांचे पाचशे-हजार जण एका रांगेत मावतील. पण त्यांना भेटण्याआधी आपण इचलकरंजीला जाऊन येऊ.

कोल्हापूरहून इचलकरंजी तासाभराच्या वाटेवर. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि मग ते गाव खटक्-खटक् करायला लागलं, ते आजतागायत. कुठल्याही गल्लीत उभे राहा, मागांचा ठेका ऐकू येतो. मागावरून निघालेलं कापड मळकट पांढरं असतं. ते पुढे 'प्रोसेस'ला जातं. तिथे त्याची कांजी धुतात, त्याला ब्लीच करतात, रंगवतात, पुन्हा धुतात, पुन्हा धुतात, आणखी एकदा धुतात. किलोभर सुती कापडाच्या या सगळ्या सोपस्कारांना साधारण शंभर लिटरच्या घरात पाणी लागतं. कारखाना आणि रंग बदलला की आकडाही कमीजास्त होतो. किलोभर कापड म्हणजे तुमचे चार-पाच शर्ट. शंभर लिटर पाणी म्हणजे पाच-सहा जणांच्या अंघोळी. आता तुमचं कपाट उघडा आणि करा हिशोब.

या पाण्याची एक गंमत मला फार उशिरा कळली. सुती कापड रंगवताना हौदात मीठ घालतात, आणि तेही पोत्यांनी. कारण कापूस आणि रंग दोघांवरही पाण्यात ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ मध्ये पडून त्यांची दिलजमाई करतं. गडद रंग हवा असेल तर लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मीठ घालावं लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम असतं. म्हणजे तुमच्या काळ्या टी-शर्टने समुद्रापेक्षा खारट पाण्यात डुबकी मारलेली आहे! वर सोडा घालतात, त्यामुळे पाणी साबणासारखं अल्कधर्मी होतं. शिवाय ते गरम असतं. एवढी बडदास्त ठेवूनसुद्धा रंगाचे काही कण कापडाला चिकटण्याऐवजी पाण्याशीच लग्न लावून बसतात. मग ते कापडाच्या काही कामाचे राहत नाहीत, धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातात.

निघून जातात म्हणजे कुठे? शुद्धीकरण केंद्र असेल आणि ते नीट चालत असेल तर तिथे. नसेल तर गटारात, तिथून ओढ्यात. इचलकरंजीतल्या एका ओढ्याला तर लोक 'काळा ओढा' म्हणूनच ओळखतात. आणि सगळं पाणी अखेर उताराने पंचगंगेकडे धावतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती अशा पाच जणींची मिळून झालेली ही नदी पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटते. तिचा छळ एकटा रंग करतो असं मी म्हणणार नाही. गावांचं सांडपाणी आहे, साखर कारखाने आहेत, आपणही आहोत. पण रंगाची तऱ्हा अशी की तो थोडक्यातही पुरून उरतो. काही रंग तर हजार लिटरच्या टाकीत चिमूटभर, म्हणजे एखादा ग्रॅम पडला, तरी पाणी रंगीत दिसतं. रंगीत पाण्यात ऊन खोलवर शिरत नाही. ऊन नाही तर पाण्यातल्या शेवाळांचा आणि वनस्पतींचा स्वयंपाक बंद. त्यांचा स्वयंपाक बंद तर त्यांनी सोडलेला ऑक्सिजनही बंद. मग मासे काय करणार?

पूर्वीचे रंग इतके हट्टी नव्हते. मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल, नीळ: सगळं झाडापाल्याचं, आणि त्यातलं बरंचसं उन्हात विटणारं. मग 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने सुट्टीत घरच्या घरी एक उद्योग केला. त्याला मलेरियावरचं क्विनीन बनवायचं होतं. क्विनीन झालंच नाही, भांड्याच्या तळाशी काळपट चिखल उरला. धुताना त्यातून सुंदर जांभळा रंग उतरला, आणि तो रेशमावर पक्का बसला. तुमच्या दादाने सुट्टीत स्वयंपाकघरात घातलेल्या गोंधळातून आजवर असं काही निघालं आहे का? पर्किनच्या गोंधळातून कारखाना निघाला. पाठोपाठ 1858 साली पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक अभिक्रिया शोधली आणि तिच्यातून रंगांचं एक अख्खं खानदान जन्माला आलं. त्यांना अझो रंग म्हणतात. आज कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच खानदानातले.

अझो रंग आतून कसा असतो ते सांगतो. मंगळागौरीला मुली फुगडी घालतात, ती डोळ्यांपुढे आणा. दोघी समोरासमोर, चारही हात घट्ट गुंफलेले, आणि गरगर गरगर. अझो रंगाच्या रेणूत मधोमध नायट्रोजनचे दोन अणू अशीच फुगडी धरून उभे असतात. फक्त नायट्रोजनला हात तीन. दोन हात फुगडीत गुंतलेले, आणि तिसऱ्या हातात प्रत्येकाने एकेक मोठं कडं धरलेलं. हे कडं कार्बनच्या सहा अणूंचं असतं. एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, फुगडीच्या हातांवरून, इलेक्ट्रॉनांची ये-जा मोकळेपणाने चालते. या ये-जा करणाऱ्या इलेक्ट्रॉनांना प्रकाशातला ठरावीक भाग गिळायची सवय असते. लाल रंगातले इलेक्ट्रॉन हिरवट-निळा भाग गिळून टाकतात, आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून भाचीचा कुर्ता लाल.

म्हणजे फुगडी सुटली की रंग गेला. पण ही पकड ऊन, साबण, घाम कुणालाच जुमानत नाही. ती सोडवायची कशी?

ही पकड सजीवांच्या पोटात सुटू शकते, हे माणसाला कळलं ते नदीकाठी नाही, दवाखान्यात. 1932 साली जर्मनीत बायरच्या प्रयोगशाळेत गेऱ्हार्ट डोमाक हे डॉक्टर निरनिराळे रंग औषध म्हणून चालतात का ते बघत होते. एक तांबडा अझो रंग त्यांनी जिवाणूंनी आजारी पडलेल्या उंदरांना दिला, आणि उंदीर चक्क वाचले. त्या रंगाला प्रॉन्टोसिल असं नाव मिळालं. पुढे 1935 मध्ये डोमाक यांच्या स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, हातात सुई घुसली. जखम इतकी चिघळली की डॉक्टर हात कापायची भाषा बोलू लागले. बापाने तिला तोच तांबडा रंग दिला. हात वाचला, पोरगी वाचली. हे औषध घेणाऱ्यांच्या कातडीवर तांबूस झाक यायची, ते सोडा.

पण एक कोडं होतं. हाच रंग काचेच्या नळीत त्याच जिवाणूंवर टाकला तर जिवाणू ढिम्म! मरतच नसत. उंदरात चालतं ते नळीत का चालत नाही? त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी उत्तर शोधलं. शरीरात गेल्यावर रंगाची फुगडी सुटते आणि त्याचे दोन तुकडे होतात. त्यातला एक बिनरंगी तुकडा, सल्फानिलामाइड, हाच खरा डॉक्टर. लाल रंग नुसता त्याचा कोट. आणि फुगडी सोडवण्याचं काम आपलं यकृत करतं, तसेच आपल्या आतड्यात मुक्कामाला असलेले जिवाणूही करतात.

आतड्यातल्या जिवाणूंना ही उठाठेव का बरं? इथे खरी मजा आहे.

आपण जेवतो, अन्नातून ताकद काढून घेतो, आणि ती काढताना पेशींत इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. घरात भाजी निवडली की देठं उरतात ना, तसे. ही देठं घरात साठवून चालत नाही, कुणाला तरी द्यावी लागतात. आपल्या पेशी ती ऑक्सिजनच्या हवाली करतात. ऑक्सिजन म्हणजे आपली घंटागाडी. आपण श्वास घेतो तो मुख्यतः ही घंटागाडी रोज दारात यावी म्हणून! पाण्यातल्या अनेक जिवाणूंचंही तसंच. पण आतड्यात, गाळात, साचलेल्या पाण्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. घंटागाडी आली नाही तर लोक काय करतात ते मी तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकतात. जिवाणूंच्या शेजारी जर अझो रंगाचा रेणू असेल, तर तोच त्यांचा मोकळा प्लॉट. ते आपले नकोसे इलेक्ट्रॉन त्या रंगाच्या गळ्यात मारतात. फुगडी धरलेल्या दोन नायट्रोजनांवर एकूण चार इलेक्ट्रॉन लादले गेले की त्यांची पकड सुटते. दोघे आपापलं कडं घेऊन दोन दिशांना. रंग खलास.

या कामासाठी जिवाणूंकडे एक विकर असतं, म्हणजे काम झटपट उरकून देणारं प्रथिन. त्याचं नाव अझोरिडक्टेज. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, परीक्षेला येणार नाही.

बघा, नदीचं कल्याण करावं असा काही जिवाणूंचा विचार नसतो. ते फक्त आपला कचरा खपवत असतात. मला ही गोष्ट फार आवडते.

असे जिवाणू शोधायचे कुठे? जिथे रंगाचं पाणी वर्षानुवर्षं मुरलंय त्या मातीत आणि गाळात. तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात जे टिकले ते आधीच तावूनसुलाखून निघालेले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे कितीतरी जीव शोधून काढले. चमचाभर माती घ्यायची, काचेच्या चंबूत रंगीत पाणी आणि बेताचं खाणं घालून त्यात सोडायची. बहुतेक जीव नाराज होतात. ज्यांना जमतं ते वाढतात. त्यांतले थोडे उचलून पुन्हा नव्या रंगीत चंबूत. असं करत करत शेवटी पठ्ठे तेवढे उरतात. कुस्तीचं गाव आहे, निवड तर होणारच!

त्यांतल्या एका स्युडोमोनास जातीच्या जिवाणूचं नाव आहे एसयूके-1. शिवाजी युनिव्हर्सिटी, कोल्हापूर. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या पठ्ठ्याने 'रेड बीएलआय' नावाच्या कापडाच्या लाल रंगाचं पाणी तासाभरात जवळजवळ बिनरंगी करून दाखवलं. मात्र अट एकच, चंबू हलवायचा नाही. हलवला की हवा मिसळते, हवा मिसळली की ऑक्सिजन येतो, म्हणजे घंटागाडी हजर. मग मोकळ्या प्लॉटवर कोण जाणार? वर्गात 'हलू नका, नीट बसा' असं बाई ओरडतात ते या जिवाणूंना मनापासून पटेल.

आता तुम्ही म्हणाल, झालं की! चंबूतलं पाणी स्वच्छ!

इथे थांबा. माझीही इथेच फसगत झाली होती.

दूध डेअरीत एक जुनी परीक्षा असते. दुधाच्या नळीत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं द्रावण घालतात आणि नळी कोमट पाण्यात ठेवतात. दुधात जिवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर नाहीसा होतो. लवकर पांढरं झालेलं दूध म्हणजे वाईट दूध! आणि ती नळी उघडून हलवली तर? वरून हवा मिसळते आणि निळा रंग हळूहळू परत हजर होतो. तो गेलेलाच नव्हता, नुसता बिनरंगी झाला होता. अझो रंगाचं असं होत नाही, तिथे रेणू खरोखर तुटतो. पण तुटलेले दोन तुकडे पाण्यातच असतात ना! कडं हातात धरून उभ्या असलेल्या त्या दोन फुगडीवाल्या घरी थोड्याच गेल्यात? त्या तुकड्यांना अमाइन म्हणतात. त्यांना रंग नसतो, म्हणून ते दिसत नाहीत. प्रॉन्टोसिलचा तुकडा औषध निघाला, पण सगळेच तुकडे इतके गुणी नसतात. काही विषारी असतात, काहींमुळे कर्करोगही होऊ शकतो. असे वाईट तुकडे ज्यांतून निघतात त्या शंभराहून अधिक रंगांवर भारताने 1990 च्या दशकातच बंदी घातली.

म्हणजे लाल पाणी बघून आपण नाक मुरडतो, आणि काचेसारखं नितळ पाणी बघून खुश होतो, पण कधी कधी दुसरंच जास्त लबाड असतं.

म्हणून काम दोन पाळ्यांत करावं लागतं. पहिल्या पाळीत हवा बंद. रंगाची फुगडी सोडवणारे जिवाणू कामावर. ते आटपलं की पाणी दुसऱ्या टाकीत, आणि तिथे तळातून पंपाने भकाभका हवा सोडायची. आता ज्यांना ऑक्सिजन लागतो असे जिवाणू येतात. ते त्या सुट्या कड्यांना धरतात, मोडतात आणि खातात. सगळं नीट जुळलं तर शेवटी उरतं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडा अमोनिया. पहिल्या पाळीवाल्यांना दुसरीतलं काम जमत नाही, दुसरीवाल्यांना पहिलीतलं नाही. यंत्रमागाच्या गावात पाळ्यांचं कौतुक कुणाला सांगायचं!

पाणी खरंच निर्विष झालं का, हे तपासायला मोठाली यंत्रं असतात. पण शास्त्रज्ञ आणखी एक साधी परीक्षा घेतात, आणि तिचे परीक्षक आपल्या ओळखीचे आहेत. ज्वारी, गहू, उडीद. थोडे दाणे रंगाच्या पाण्यात भिजवतात, थोडे जिवाणूंनी साफ केलेल्या पाण्यात, थोडे साध्या पाण्यात. कुठे किती दाणे रुजले, कोंब केवढा, मूळ केवढं, हे फूटपट्टीने मोजतात. दुसरा परीक्षक त्याहून कडक: कांदा. कांद्याचा बुडखा पाण्यात टेकवून ठेवला की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. त्या मुळांच्या टोकाशी पेशी भराभर दुप्पट होत असतात. पाण्यात विषारी काही असेल तर मुळं खुरटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमधली गुणसूत्रं विस्कटलेली दिसतात. करोडभर रुपयांचं यंत्र एकीकडे आणि बाजारातला कांदा एकीकडे. मला विचाराल तर मी कांद्यावर जास्त भरवसा ठेवेन. पण मी पडलो कांदाभजीवाला माणूस.

जिवाणूंशिवाय आणखी काही मंडळी या कामात तरबेज आहेत. पावसाळ्यात आंब्याच्या कुजक्या ओंडक्यावर कानाच्या आकाराच्या बुरशा उगवलेल्या पाहिल्यात? त्यांच्यापैकी काही जणींचा खुराक म्हणजे लाकडातलं लिग्निन. लाकडाला कडकपणा देणारं हे लिग्निन पचवणं महाकठीण, कारण त्याचे रेणू एकसारखे नसतात, नुसता गुंता असतो. म्हणून या बुरशा नेमकं कुलूप शोधत बसत नाहीत. त्या अंगाबाहेर अशी विकरं सोडतात की समोर येईल त्यातून इलेक्ट्रॉन ओरबाडावेत. लिग्निन असो की रंग, त्यांना सारखंच. यातल्या लॅकेज नावाच्या विकराचा शोध तर 1883 साली जपानमध्ये लाखेसारखा चीक देणाऱ्या झाडात लागला होता. तुमच्या दादाची ती मुद्दाम जुनाट दिसणारी फिकट जीन्स आहे ना? तसा फिकटपणा आणायला काही कारखान्यांत आज लॅकेज वापरतात. म्हणजे आधी पैसे देऊन रंगवायचं आणि मग पैसे देऊन विटवायचं. मोठ्या माणसांचं काही खरं नाही.

आणि फुलझाडं! कोल्हापूरच्याच संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या कामात झेंडू, गलांडा, अ‍ॅस्टर आणि ऑफिस-टाइमची झाडं कापड कारखान्याच्या सांडपाण्यावर लावून पाहिली. त्यांनी पाण्यातला रंग कमी केला. झाडाच्या मुळांत रंग मोडणारी विकरं असतात, आणि मुळांभोवतीच्या मातीत जिवाणूंची वस्ती असते, ती वेगळीच. फुलं खायची नसतात, त्यामुळे रंगाचं पाणी भाजीतून आपल्या ताटात येण्याची भीती नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू एवढं काही करत असेल असं वाटलं होतं का?

मग पंचगंगा अजून नितळ का झाली नाही, असं माझ्या भाचीने विचारलंच. तिला खोटं सांगता येत नाही, ती पकडते. चंबूत एक रंग असतो, मोजून घातलेला. कारखान्यात सोमवारी लाल, मंगळवारी काळा, बुधवारी कुणाची तरी गणवेशाची ऑर्डर म्हणून सगळंच निळं. प्रत्येक रंगाची फुगडी वेगळी, आणि काही रंग अझो खानदानातले नसतातच, त्यांना हे जिवाणू ओळखही देत नाहीत. म्हणून एकटा पैलवान पाठवून भागत नाही, टोळी लागते. पूर्वी गावात एकाच्या शेतावर सगळे आपापले बैल घेऊन जायचे आणि दिवसात काम उरकायचे, त्याला इर्जिक म्हणत. आजोबांना विचारा. शास्त्रज्ञ आता जिवाणू, यीस्ट आणि झाडांची अशी इर्जिक जमवायच्या मागे आहेत.

आणि ते पोत्यांनी घातलेलं मीठ आठवतंय? ते कुठलाच जिवाणू खात नाही. रंग गेला, अमाइन गेले, तरी मीठ तिथेच. ते काढायला बारीक चाळण्यांसारखे पडदे लागतात, पाणी आटवावं लागतं, वीज लागते, पैसा लागतो. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला नोय्यल नदीची अशीच दैना झाली होती. 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकामाचे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा कुठे पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था मनावर घेतली गेली. जिवाणू आपली पाळी इमानाने करतील. पण टाकीपर्यंत पाणी पोचवायचं काम माणसाचं, आणि रात्रीच्या अंधारात नळी ओढ्यात सोडणाऱ्याला कुठलाही जिवाणू अडवू शकत नाही.

बरं, त्या लालभडक कुर्त्याचं पुढे काय झालं? दुकानदारकाकांची गॅरंटी पहिल्या धुण्यालाच उतरली. साबण न घालता नुसता भिजवला तरी बादली गुलाबी! बहीण वैतागली, भाची हरखली. तिने ते गुलाबी पाणी एका पेल्यात भरलं, दुसऱ्यात साधं पाणी घेतलं, दोन्हींवर एकेक कांदा टेकवला, पेल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खिडकीत ठेवले. रोज शाळेतून आल्यावर मुळं मोजून वहीत लिहायची, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"मामा, साध्या पाण्यातला कांदा गेला."

"कुजला?"

"नाही. आईने पोह्यांत घातला. म्हणते, चांगला ताजा वाटला."

रविवारी मी दोन नवे कांदे घेऊन जाणार आहे. नाही, चार. दोन पोह्यांसाठी.